आतोबांची काडतुसं

हरणाला कोणतं काडतूस लागू पडतं या विषयावर आमच्या आतोबांइतकं बोललेला माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नाही, आणि हरणाच्या केसालाही धक्का न लावलेला असा शिकारीही दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्यांचा जन्म गेला, पण ओळख करून देताना ते आधी आपण शिकारी असल्याचं सांगत आणि नोकरीचं ‘ते आपलं पोटापाण्यासाठी’ म्हणून उरकत. घरात वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक होती, तिचा रीतसर परवाना होता, काडतुसांचा पट्टा होता, खाकी टोपी होती. फक्त शिकार नव्हती. वडिलांची बंदूक त्यांच्या नावावर झाली आणि त्याच सुमारास शिकारबंदीचा कायदा आला. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. आतोबा सुटल्यासारखे झाले, असं आत्याचं मत. "कायदा बरोबर आहे," ते म्हणत, "पण अभ्यासाला काही बंदी नाही." आणि पुढे आयुष्यभर त्यांनी अभ्यास केला.

मी कॉलेजला असताना त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे हा अभ्यास जेवढा माझ्या अंगावर सांडला तेवढा कुणाच्याच सांडला नसेल. संध्याकाळी आत्या निवडण-टिपण करायला बसली की आतोबा मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मोहरी उचलत. "पोरी, हे बघ. हा झाला चार नंबर. तितराला ठीक. हरणाला मारलंस तर त्याला वाटेल माशी बसली." मोहरी डब्यात परत. मग आत्याच्या सुपातले हरभरे. "हे एल.जी. मोठे छर्रे. काडतुसात मोजकेच बसतात, पण नळीतून सुटले की पांगतात. एक पायाला, एक पोटाला, एक बाभळीला. हरीण पळतं ते पळतंच, आणि कुठंतरी काट्याकुट्यात दोन दिवस तडफडतं. हे पाप." मग पानाच्या डब्यातली अख्खी सुपारी निघायची आणि आतोबांचा आवाज देवघरात असल्यासारखा खाली यायचा. "आणि ही गोळी. एका काडतुसात एकच. शिशाची. पांगायचं नाव नाही. जवळून नीट लागली तर हरीण जागच्या जागी, त्याला कळतसुद्धा नाही. मारायचं तर हाल न करता, नाहीतर बंदूक खुंटीला टांगावी." मग गोळीतही गुळगुळीत कोणती आणि आट्यांची कोणती. मग बंदुकीची उजवी नळी मोकळी आणि डावी तोंडाशी आवळलेली, म्हणून गोळी नेहमी उजवीतूनच, चुकून डावीत घातली तर... "तर काय?" मी विचारायचे. "तर तुझी आत्या विधवा." यावर आत्या सूप आपटून म्हणायची, "आधी माझे हरभरे परत टाका. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

हे व्याख्यान डाव्या नळीच्या पुढेही बरंच होतं म्हणे. मला माहीत नाही, कारण तिथवर आलं की मला माझा अभ्यास आठवायचा. पाहुण्यांना गॅसवरचं दूध आठवायचं. दूधवाला तर बेल न वाजवता पातेल्यात दूध ओतून चोरासारखा पळायचा. कारखान्यातले एक साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले की स्टोअरमध्ये नटबोल्ट मागायला गेलो आणि बंदूक चालवायला शिकून आलो. आतोबांना तो मोठाच गौरव वाटला. "अर्धवट शिकले," ते घरी येऊन म्हणाले. "वाऱ्याचं अजून सांगायचं होतं."

माझ्या लग्नात तर कहरच झाला. पंगत बसलेली, माझे सासरे नव्या व्याह्यांच्या ओळखीसाठी आतोबांच्या शेजारी येऊन बसले आणि सहज म्हणाले, "तुमच्याकडे बंदूक आहे असं ऐकलं." संपलं. आतोबांनी पानातली बुंदी मुठीत घेतली. "हे छर्रे," म्हणाले आणि समोर भिरकावली. बुंदी तिघांच्या ताटात, एकीच्या अंबाड्यात आणि भटजींच्या मठ्ठ्यात पडली. "पाहिलंत? पांगली." मग लाडू उचलला. "आणि ही गोळी." मांडवाच्या खांबाला नेम धरला होता. लाडू खांबाला लागला नाही, तो माझ्या चुलत सासऱ्यांच्या छातीवर जाऊन बसला. आतोबांनी शांतपणे हात पुसले. "नेम चुकला, पण पांगला नाही, हे ध्यानात घ्या." आजही सासरी कुणी लाडू वाढायला आलं की चुलत सासरे आधी छातीवर हात धरतात.

पण या सगळ्या विद्येच्या मुळाशी एक दुखणं होतं, आणि ते पिशोरला होतं. आतोबा मूळचे तिथले. त्यांचे वडील खरेखुरे शिकारी, मिशा आणि दरारा दोन्ही असलेले. शिकार चालत होती त्या काळात त्यांनी मिसरूड फुटलेल्या या थोरल्या मुलाला बंदूक देऊन डोंगराच्या कडेला बसवलं. गावातली दहा-बारा माणसं मागं दडून बसली. हरीण आलं. अगदी समोर येऊन उभं राहिलं. आतोबांनी बंदूक उघडली, एल.जी. काढून गोळी घातली. मग म्हणे वाटलं, छर्रेच बरे होते. गोळी काढून पुन्हा एल.जी. घातली. मग हरणाकडे बघून, हात वर करून, मोठ्यानं म्हणाले, "थांबा!" हरणाला म्हणाले की वडिलांना, हे कुणालाच कळलं नाही. हरीण गेलं. वडिलांनी बंदूक काढून घेतली आणि ते घराकडे चालू लागले. त्या दिवसापासून पिशोरला आतोबांचं नाव पडलं थांबराव. नोकरी लागली, पोरंबाळं झाली, केस पिकले, तरी एस.टी.तून उतरले की पारावरून हाक यायची, "आले का थांबराव?" आतोबा हसून हात करायचे. पण आत्या सांगायची, पिशोरहून परत आलं की दोन दिवस त्यांना जेवण जात नाही.

म्हणून काडतुसांची एवढी निगा. शहागंजात बंदुकीच्या दुकानात एक म्हातारे चाचा होते. आतोबा दरवर्षी त्यांच्याकडून परवान्यावर मिळतील तेवढी काडतुसं आणायचे आणि प्रत्येक काडतूस हातात फिरवून अर्धा दिवस घालवायचे. चाचा एकदा वैतागून म्हणाले, "साब, मेरी दाढी सफेद हो गई, आप पूछतेच जा रै. कबी चलाओगे बी?" आतोबा म्हणाले, "वेळ आली की." घरी ही काडतुसं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, फडताळात सगळ्यात वर, आत्याच्या लोणच्याच्या बरणीशेजारी. उन्हाळ्यात आत्या गच्चीवर कुरडया वाळत घाली, त्याच्याच बाजूला आतोबा चादर टाकून काडतुसांना ऊन दाखवत. दसऱ्याला शस्त्रपूजा. बंदुकीला झेंडूची माळ आणि एकेका काडतुसाच्या पितळी बुडाला बोटानं तेल, वर हळद-कुंकू. तेल नुसतं लावत नसत, चोळत, बाळंतिणीच्या बाळाला चोळावं तसं. "पितळ चकाकलं पाहिजे," ते म्हणत. चकाकायचं खरं.

त्यांचा सगळ्यात वाईट काळ म्हणजे निवडणूक. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आतोबा बंदूक मुलाबाळासारखी शालीत गुंडाळून ठाण्यात न्यायचे आणि मग दर दोन दिवसांनी तिला भेटायला जायचे. हवालदार भला माणूस होता, पण एकदा आतोबा तेलाची बाटली आणि फडकं घेऊनच गेले. हवालदार म्हणाले, "काका, ती इथं मजेत आहे, तुम्ही घरी जा." आतोबा म्हणाले, "तुमच्या खोलीत ओल आहे." शेवटी निकालाच्या दिवशी कोण निवडून आलं हे सगळं गाव विचारत होतं तेव्हा आतोबा ठाण्याच्या पायरीवर बसून एवढंच विचारत होते, की आमची केव्हा सुटणार.

चिकलठाण्याच्या पुढे त्यांनी घर बांधलं तेही हरणांसाठी. तेव्हा तिकडे नुसता माळ होता, गच्चीवरून सकाळी काळवीट दिसायचे. आतोबा चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाला योग्य ते काडतूस नेमून द्यायचे. मग प्लॉट पडले, कंपाउंड आली, सोसायट्या उठल्या. हरणं आधी लांब गेली, मग दिसेनाशी झाली. आतोबांनी तरी गच्ची सोडली नाही. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी तक्रार केली की हे गृहस्थ रोज सकाळी आमच्या बाल्कनीकडे डोळे बारीक करून बघतात. आत्या त्यांना समजवायला गेली. "अहो, ते तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या इमारतीच्या आधी तिथं जे होतं त्याच्याकडे बघतात," असं सांगून आली. बाईंना ते कितपत पटलं कोण जाणे.

आणि मग ते दुष्काळ आले, एकामागं एक. शहरात आठवड्यानं पाणी, सोसायट्यांच्या दारात टँकर, आणि नवीन स्कीमच्या जाहिरातींत मात्र स्विमिंग पूल. अशात एका सकाळी पिशोरहून आतोबांच्या धाकट्या भावाचा, बापूंचा फोन आला. मी तेव्हा आत्याकडे आले होते. फोन स्पीकरवर होता. "दादा, हरणं लई झालेत. डोंगरात प्यायला थेंब नाय, खायला काडी नाय, म्हणून समदा कळप खाली उतरलाय. विहिरीच्या तळाच्या पाण्यावर बैलांसाठी अर्धा एकर मका जगवलाय, तो रोज पहाटं येऊन खातेत. मका गेला तर बैलजोडीला बाजार दाखवावा लागंल. तुमी बंदूक घेऊन या. मारायचं नाय, नुसता हवेत बार काढायचा. एकदा भ्याली का परत येणार नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा पिशोरनं त्यांना बंदुकीसकट बोलावलं होतं. परवान्यावरही ‘पीकसंरक्षणासाठी’ असंच लिहिलेलं. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "पोरी, एवढं एक नीट झालं ना, की पारावर ते नाव निघणार नाही." मग अर्थातच प्रश्न उभा राहिला, की हवेत झाडायला कोणतं काडतूस घ्यायचं. आत्या म्हणाली, हवेला काय कळतंय. आतोबा म्हणाले, वर गेलेली गोळी कुणाच्या तरी डोक्यावर उतरते, म्हणून गोळी नको. एल.जी.चा आवाज भरदार, पण चार नंबर पडताना हलका. प्रवासभर तेच. कन्नडच्या अलीकडे आत्यानं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, मी गाडी चालवत होते म्हणून मला तीही सोय नव्हती.

पहाटे आम्ही बांधावर गेलो तर आधीच निम्मं गाव हजर. दुष्काळात माणसाला काम नव्हतं आणि करमणूकही नव्हती. आतोबा खाकी टोपी घालून, पट्टा बांधून पुढे. मका गुडघ्याएवढा, पिवळट, पण हिरवा म्हणण्यासारखा तेवढाच. पलीकडे सगळा करडा माळ. उजाडता उजाडता कळप आला. बरगड्या मोजाव्या असा एकेक प्राणी. सरळ मक्यात शिरले आणि खायला लागले. बापू कुजबुजले, "दादा, काढा बार." आतोबांनी बंदूक आभाळाकडे केली. मागं कुणीतरी हलकेच म्हणालं, "थांबराव." मी आतोबांच्या मानेकडे बघत होते, ती ताठ झाली. त्यांनी घोडा ओढला.

खट्.

दुसरी नळी. खट्. पट्ट्यातली दुसरी दोन घातली. खट्, खट्. एल.जी. झाली, चार नंबर झाला, शेवटी गोळीही झाली. जन्मभर जपलेलं एकही काडतूस वाजलं नाही. पुढे शहागंजात चाचांनी कपाळाला हात लावला, "तेल पिलाया? बुड को? साब, टोपी में तेल गया तो काडतूस मर जाता." टोपी म्हणजे पितळी बुडातला ठिणगी पाडणारा भाग. प्रेमानं तेल चोळून चोळून आतोबांनी आपली सगळी काडतुसं ठार केली होती. पण ते नंतर कळलं. त्या वेळी बांधावर आधी एक जण फिसकन हसला, मग दोघं, मग सगळी पहाट हसायला लागली. हरणांनी नुसत्या माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

आतोबा कधी कुणावर ओरडलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी बंदूक माझ्या हातात दिली आणि ते मक्यात शिरले. "खाता काय?" हरणांना म्हणाले. "लाज वाटत नाही? बैलांच्या तोंडचं खाता? अरे, तुमच्यासाठी मी जन्म घालवला. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गोळी बरी की छर्रे, याचा विचार करता करता माझे केस पिकले. एल.जी. तुम्हाला लावणार नाही म्हणून वडिलांचा शब्द मोडला, गावाचं हसं झालो, आणि तुम्ही माझ्याच भावाचा मका खाता?" आवाज चढत गेला, चिरकला. पहिल्या वाक्याला हरणांनी कान टवकारले, दुसऱ्याला पाय उचलले, आणि एल.जी. म्हटल्यावर जी सुटली ती थेट डोंगरात. बांधावरचं हसू थांबलं. माझ्या शेजारी आत्या उभी होती. "म्हणजे तेव्हा मुद्दाम..." ती म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तिलाही तो दिवस आजच कळला होता.

मग काय, दुसऱ्या पहाटे बापूंनी बांधावर खुर्ची टाकली, चहा ठेवला आणि म्हणाले, "दादा, बोला." आतोबा बोलले. मोहरीपासून सुरुवात केली. माणसांना पळवून लावणारं व्याख्यान हरणांनाही तितकंच लागू पडलं. कळप यायचा, लांब उभा राहायचा, चार नंबरपर्यंत ऐकायचा आणि निघून जायचा. पाऊस पडेपर्यंत आतोबा पिशोरलाच राहिले. शेजारपाजारचे लोक घरी येऊन अदबीनं विचारू लागले, "दादा, उद्या आमच्या बांधावर येता का?" मका वाचला, बैलजोडी दावणीला राहिली. पारावर पुन्हा कुणी थांबराव म्हटलं नाही. शहरात परतल्यावर आतोबांनी बंदूक कायमची जमा करून टाकली. आम्हाला धक्काच बसला. ते म्हणाले, "तिची गरज नव्हतीच बघ."

आतोबा पिशोरहून निघण्याआधी बापूंनी एक गोष्ट केली होती. आतोबांचं एक अख्खं व्याख्यान मोबाईलमध्ये भरून घेतलं होतं. हल्ली जनावरं हाकलायला शेतात भोंगा लावतात, कुणी कुत्र्याचं भुंकणं लावतो, कुणी फटाक्यांचा आवाज. बापूंनी भावाचा आवाज लावला.

आतोबा जाऊन आता दोन वर्षं होत आली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगायची, "जागच्या जागी गेले. कळलंसुद्धा नाही." सांगताना तिचा चेहरा शांत असायचा. घर मात्र तिला खायला उठलं. समोर अजून दोन इमारती झाल्यात, आणि आत्या सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायला लागली, जिनं आयुष्यात हरणाकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

परवा तिला घेऊन पिशोरला गेले. यंदा पाऊस बरा, मका डोक्याच्या वर. पहाटे तिला झोप नव्हती म्हणून आम्ही बांधावर गेलो. बापू आधीच तिथं होते. भोंग्यातून आतोबा बोलत होते, घसा साफ करून, अगदी स्वयंपाकघरात बसल्यासारखे. "आणि ही गोळी. एका काडतुसात एकच." आणि मक्याच्या कडेला, भोंग्यापासून हाकेच्या अंतरावर, हरणं उभी होती. सावकाश खात होती. मधूनच एखादं मान वर करून भोंग्याकडे बघायचं, कान हलवायचं आणि तिथंच उभं राहायचं.

बापू ओशाळले. "वहिनी, आता भेत नाहीत. दादांच्या आवाजाची सवय झाली त्यान्ला. कुत्र्याचं भुंकणं भरून आणलंय, आजच बदलतो." ते भोंग्याकडे निघाले.

"थांबा बापू," आत्या म्हणाली. ती बांधावर, आतोबांच्या त्याच खुर्चीत बसली आणि पदर नीट केला. "आता डावी नळी येईल. त्याच्या पुढचं मी कधी ऐकलं नाही. आणि ती हरणं बघा, एक तरी उठून गेलंय का? तुमचा मका काय जाईल तो जाऊ द्या. त्यांचं होऊ द्या पुरतं."

मीही तिच्याशेजारी मातीत बसले. डावी नळी आली. मग वारा आला. मग गवताची उंची आली, मग उन्हाची तिरीप डोळ्यावर आली तर काय करायचं ते आलं. हरणं होती तशीच उभी होती, आणि आम्ही पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.